हिऱ्याचा रंग आणि रंगाची प्रत
(प्रस्तावना)

सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाही मुलखात रावळकोंडा येथे हिऱ्यांच्या खाणी होत्या. झां-बातिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या तिथे गेला होता. तिथले व्यापारी हिरा कसा पारखतात, हे त्याने बारकाईने लिहून ठेवले आहे. युरोपात कच्चा हिरा दिवसाच्या उजेडात पाहत. इथले व्यापारी तो रात्री पाहत. भिंतीत फूटभर लांबीरुंदीचा कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा आणि त्या उजेडात बोटांच्या चिमटीत धरलेला खडा. पाण्यात म्हणजे तेजात निळसर झाक असलेला हिरा सर्वांत हलका समजत. ती झाक पकडायची खात्रीची रीत म्हणजे खडा दाट पानांच्या झाडाखाली नेऊन हिरव्या सावलीत पाहणे. याच ताव्हेर्निएने गोवळकोंड्याच्या मुलखातून सुमारे ११५ कॅरटचा निळा हिरा फ्रान्सला नेला आणि तो चौदाव्या लुईने विकत घेतला. पुढे त्याला नव्याने पैलू पाडले गेले, १७९२ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो चोरीस गेला आणि पुन्हा प्रकटला तेव्हा आणखी लहान झालेला होता. आज ४५.५२ कॅरटचा ‘होप’ हिरा म्हणून तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

निळी झाक हा दोष, आणि गडद निळा खडा हा राजाचा ठेवा! एकाच रंगाला असे दोन न्याय का लागतात, हे नीट समजले की हिऱ्याच्या रंगाच्या प्रतवारीचा गाभा हाती येतो. हिऱ्याला आपण दोन निरनिराळे प्रश्न विचारत आलो आहोत. पहिला : हा खडा रंगहीनतेपासून किती दूर आहे? दुसरा : याचा रंग किती भरलेला, किती खुलून दिसणारा आहे? पहिल्या प्रश्नात रंग वाढला की किंमत उतरते, दुसऱ्यात रंग वाढला की किंमत चढते. दोन्ही उत्तरांसाठी उजेड कोणता, खडा कोणत्या बाजूने धरायचा, तुलना कशाशी करायची हे माणसांनी आपसात ठरवावे लागते. रंगाचे कारण दगडात असते. रंगाची प्रत मात्र दगड, प्रकाश आणि डोळा यांच्याविषयी माणसांनी केलेल्या करारात असते. तो करार मराठी वाचकाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे, यासाठी हे पुस्तक आहे.

हे पुस्तक सोलापुरात लिहिले गेले याला अर्थ आहे. विजापूर इथून शंभर किलोमीटरवर. पंढरपूरला वळसा घालून जाणारी भीमा पुढे कृष्णेला मिळते, आणि त्याच कृष्णेच्या काठी, खाली आंध्रात, कोल्लूरची जगप्रसिद्ध खाण होती. इथल्या हातमागांवर आणि यंत्रमागांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला पद्मशाली समाज तेलंगणातून आला, म्हणजे गोवळकोंड्याच्याच मुलखातून. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा प्रदेश मुख्यतः हिंदुस्थानच होता, आणि त्यातही दख्खनचा वाटा मोठा. म्हणजे हिऱ्याकडे पाहण्याची विद्या आपल्या शेजारघरची. आज मात्र सोलापूरच्या सराफ बाजारात लग्नाची खरेदी करणारे कुटुंब हिऱ्याची अंगठी घेते, तेव्हा हाती येणारा प्रतवारीचा कागद इंग्रजीत असतो. त्यावर ‘जी’, ‘एच’, ‘जे’ अशी अक्षरे असतात आणि त्या अक्षरांवर हजारो, कधी लाखो रुपयांचा फरक ठरतो. ती अक्षरे कोणी, कशी आणि कोणत्या उजेडात ठरवली, हे त्या कुटुंबाला क्वचितच कोणी सांगते.

रंगावरून हिरे वेगळे काढण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात ठेवायच्या रत्नांची चर्चा आहे. तिथे हिऱ्यांचे रंग सांगताना मांजराचा डोळा, शिरीषाचे फूल, गोमूत्र, गोमेद, शुद्ध स्फटिक अशी ओळखीची उदाहरणे दिली आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत प्रदेशागणिक रंग दिले : वेणा नदीच्या काठचा हिरा निर्मळ, कोसलचा शिरीषपुष्पासारखा, कलिंगाचा पिवळसर, सौराष्ट्राचा तांबूस आणि शूर्पारकाचा काळा. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. तिथे खाण नव्हती, बंदर होते. त्यामुळे ही यादी खाणींबरोबर बाजारपेठांचीही असावी, असे मानायला जागा आहे. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा, अगस्तिमत आणि अल्लाउद्दीन खिलजीच्या दिल्लीत ठक्कुर फेरूने चौदाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली रयणपरिक्खा, ही याच परंपरेची पुढची पावले. या ग्रंथांनी रंगांची वाटणी चातुर्वर्ण्यानुसारही केली. ती समाजरचनेची छाया होती. दगडाच्या गुणाशी तिचा संबंध नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु खडा कोणत्या मुलखातला, त्याची प्रभा कशी, दोष कोणते हे क्रमाने तपासण्याची शिस्त या ग्रंथांत आहे आणि ती मोलाची आहे.

महाराष्ट्राच्या भूमीतही हिऱ्याच्या खुणा आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातील आईन-इ-अकबरीत येतो. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातला मोठा हिरा पेशव्यांकडे गेला, १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती पडला आणि ‘नासक’ म्हणजे नाशिकचा हिरा म्हणून लंडनला पोहोचला. मुळात सुमारे ९० कॅरटचा हा हिरा लंडनमध्ये आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये पुन्हा घडवला गेला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने त्याला दिलेल्या आजच्या घडणीत तो ४३.३८ कॅरटचा आहे. आपल्या जुन्या जवाहिऱ्यांना वजन टिकवणे महत्त्वाचे वाटे, पाश्चात्त्य कारागिरांना चमक. दोन दृष्टींचा हा झगडा रंगाच्या बाबतीतही घडला, कारण पैलू बदलले की तोच रंग फिका किंवा गडद दिसतो.

मराठी राजघराण्यांनी रंगीत हिऱ्यांची कदर केली होती, हेही विसरून चालणार नाही. ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला, पैलू पडल्यावर १२८.४८ कॅरट भरलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ बडोद्याच्या गायकवाडांनी घेतला. आजच्या भाषेत त्याची प्रत ‘फॅन्सी लाइट पिंकिश ब्राउन’ अशी आहे. म्हणजे गुलाबी छटेचा, फिकट तपकिरी. इंदूरच्या होळकरांकडे २३.२४ कॅरटचा निळा हिरा होता, आता ‘गोलकोंडा ब्लू’ या नावाने ओळखला जाणारा. १९२३ मध्ये पॅरिसच्या शोमे पेढीने तो त्यांच्यासाठी दागिन्यात बसवला. १९४७ मध्ये तो हॅरी विन्स्टनकडे गेला आणि काही काळ बडोद्याकडेही होता. त्याची प्रत आहे ‘फॅन्सी व्हिव्हिड ब्लू’. ज्या अहिल्यादेवींचे नाव सोलापूरच्या विद्यापीठाला आहे, त्यांच्याच घराण्यातला हा हिरा. अशा खड्यांची माहिती मराठीत जागोजागी विखुरलेली आहे, आणि तिला रत्नशास्त्राची जोड फारशी मिळालेली नाही.

आधुनिक प्रतवारीचा इतिहास दक्षिण आफ्रिकेपासून सुरू होतो. १८६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे हिरे सापडले आणि बाजारात मालाचा पूर आला. इतक्या मालाची वाटणी करायला व्यापाऱ्यांनी खाणींची आणि ठिकाणांची नावे वापरली : अगदी स्वच्छ पांढऱ्याला ‘रिव्हर’, त्याखाली ‘वेसेल्टन’, पिवळसर झाक असलेल्याला ‘केप’. ही नावे पुढे खाणीपासून सुटली आणि नुसता रंग सांगू लागली. शिवाय कोणी ‘ए’, कोणी ‘डबल ए’, कोणी ‘ब्लू-व्हाइट’ म्हणे. एकाचा ‘ए’ दुसऱ्याच्या दुकानात ‘बी’ ठरे. मुंबईच्या बाजारात आजही कागदाशिवाय चालणाऱ्या मालासाठी ‘टीटीएलबी’, ‘टीएलबी’, ‘एलबी’ असे शब्द ऐकू येतात. तपकिरी झाकेच्या या पायऱ्या अनुभवी दलालांना पक्क्या माहीत असतात, पण नव्या ग्राहकाला त्यांतून काहीच कळत नाही.

हा गोंधळ मोडण्याचे काम अमेरिकेत झाले. रॉबर्ट शिप्ले यांनी १९३१ मध्ये जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, स्थापन केली. रिचर्ड लिडिकोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘डी’ ते ‘झेड’ ही मोजपट्टी आणली. जुन्या ‘ए’, ‘बी’, ‘सी’शी घोळ होऊ नये म्हणून सुरुवात मुद्दाम ‘डी’पासून केली. डी, ई, एफ हे रंगहीन. जी ते जे जवळपास रंगहीन. त्यापुढे झाक हळूहळू वाढत ‘झेड’पर्यंत जाते. तपासताना खडा पालथा धरून बाजूने पाहतात, कारण समोरून त्याची चमक रंग लपवते. पाठीमागे पांढरा, उदासीन रंगाचा पृष्ठभाग, वर ठराविक प्रमाणाचा दिवसासारखा उजेड आणि शेजारी ‘मास्टर स्टोन’ म्हणजे आधी प्रत ठरवून ठेवलेले हिरे. नव्या खड्याची प्रत त्यांच्याशी ताडून ठरते. सोलापूरच्या रंगणीत सुताची शेड जुळवणाऱ्या कारागिराला हे लगेच पटेल : ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडतात, आणि नमुना हाताशी नसेल तर नुसत्या आठवणीवर शेड जुळवता येत नाही.

ही मोजपट्टी पिवळ्या, तपकिरी आणि राखाडी झाकेसाठी आहे. हिरा ‘झेड’च्या पलीकडे पिवळा असेल, किंवा गुलाबी, निळा, हिरवा अशा दुसऱ्या रंगाचा असेल, तर तो ‘फॅन्सी’ पद्धतीत जातो. इथे खडा समोरून पाहतात, कारण ग्राहकही तो समोरूनच पाहणार. मग तीन गोष्टी ठरतात : मूळ रंग कोणता, तो किती उजळ किंवा गडद, आणि किती भरलेला. जीआयए २७ रंगछटा मानते. फेंट, व्हेरी लाइट, लाइट, फॅन्सी लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी व्हिव्हिड, तसेच फॅन्सी डीप आणि फॅन्सी डार्क अशी प्रतींची नावे आहेत. रंगाच्या नावात शेवटचा शब्द मुख्य रंगाचा, आधीचे शब्द त्यातल्या छटेचे. ‘होप’ला ‘फॅन्सी डीप ग्रेइश ब्लू’ म्हणतात, म्हणजे रंग निळा, छटा राखाडी, आणि तो गडद. हे नाव वाचता आले की निम्मा कागद वाचता आला. जीआयएखेरीज अँटवर्पची एचआरडी, आयजीआय अशा संस्थाही प्रत देतात. २०२० मध्ये पांढऱ्या हिऱ्यांच्या प्रतवारीसाठी आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानकही आले. तरीही दोन प्रयोगशाळांच्या प्रतींत कधीकधी एका पायरीचा फरक पडतो. पारख माणसाच्या डोळ्याने होते, तेव्हा असा फरक पडणारच, आणि तो ग्राहकाला आधीच माहीत असावा.

करार माणसाचा असला तरी रंगाचे कारण निसर्गाचे आहे, आणि ते कमालीचे सुंदर आहे. शुद्ध कार्बनच्या स्फटिकाला रंग नसतो. रंग येतो तो रचनेतल्या छोट्या विसंगतींमुळे. कार्बनच्या जागी नायट्रोजन शिरला की पिवळेपणा येतो. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेने एकत्र येऊन गट करतात. तीन नायट्रोजन एका रिकाम्या जागेभोवती जमले की ‘केप’चा फिका पिवळा दिसतो. तेच अणू सुटेसुटे राहिले तर गर्द ‘कॅनरी’ पिवळा. बोरॉनचे अत्यल्प अणू निळा रंग देतात आणि हिऱ्यातून वीजही वाहू देतात. गुलाबी आणि तपकिरी रंगाचे मूळ भूगर्भातल्या प्रचंड दाबाने स्फटिकाचे थर एकमेकांवर सरकण्यात आहे. गुलाबी रंगाचे अणुपातळीवरचे नेमके कारण शास्त्राला अजून पूर्ण उलगडलेले नाही. हिरवा रंग किरणोत्सारी खनिजांच्या सहवासातून येतो आणि पुष्कळदा पृष्ठभागापुरताच असतो, म्हणून पैलू पाडताना तो निघून जाण्याचा धोका असतो. ड्रेस्डेनचा सुमारे ४१ कॅरटचा हिरवा हिरा म्हणूनच अपूर्व. काळेपण बहुधा ग्रॅफाइटसारख्या असंख्य बारीक कणांचे असते.

या शास्त्रात भारताचा वाटा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळुरूत हिऱ्यांचा, विशेषतः त्यांच्या प्रकाशमान होण्याच्या गुणाचा, दीर्घ अभ्यास केला. त्यांच्या नावाच्या प्रकाशपरिणामावर चालणारी उपकरणे आज जगभरच्या प्रयोगशाळांत हिरा ओळखायला वापरतात. अतिनील किरणांत अनेक हिरे निळसर उजळतात, याला बाजारात ‘फ्लोरोसन्स’ म्हणतात. हलक्या पिवळसर खड्याला तो उन्हात थोडा पांढरा दाखवतो. सोलापूरच्या कडक उन्हात जो हिरा छान दिसला, तोच दुकानातल्या दिव्याखाली पिवळट वाटला, तर त्यात लबाडी असेलच असे नाही. कारण भौतिकशास्त्रातही असू शकते.

हा विषय आत्ता महत्त्वाचा का? तीन कारणांनी. पहिले, नैसर्गिक रंगीत हिरा दुर्मीळ होत चालला आहे. जगातील बहुतांश गुलाबी हिरे पुरवणारी पश्चिम ऑस्ट्रेलियातील अर्गाइल खाण नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाली. त्याआधी २०१७ मध्ये ५९.६० कॅरटचा ‘पिंक स्टार’ हाँगकाँगच्या लिलावात ७ कोटी १२ लाख डॉलरला गेला. दुसरे कारण, रंग बदलता येतो. विल्यम क्रुक्स यांनी १९०४ मध्ये रेडियमच्या सान्निध्यात हिरा हिरवा होतो हे दाखवले. १९९९ पासून बाजारात आलेल्या उच्च दाब आणि उष्णतेच्या प्रक्रियेने तपकिरी हिरा रंगहीन करता येतो. त्यामुळे कागदावर रंगाचे मूळ नैसर्गिक, प्रक्रिया केलेले की अनिर्णित, हे पाहणे रंगाच्या प्रतीइतकेच गरजेचे झाले आहे.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने तो पहिल्यांदा खात्रीने घडवला. २०२३ च्या अर्थसंकल्पात भारताने तो ज्यांच्यावर वाढवतात त्या बीजांवरील सीमाशुल्क काढून टाकले आणि एका आयआयटीला संशोधनासाठी निधी जाहीर केला. आज सुरत आणि मुंबईतून असे रंगीत हिरे गावोगाव पोहोचतात. पिवळा बनवायला नायट्रोजन आणि निळा बनवायला बोरॉन, म्हणजे रंगाचे कारण निसर्गाचेच. फरक काळाचा आहे : नायट्रोजनचे गट बनायला लागणारी कोट्यवधी वर्षे कारखान्याला देता येत नाहीत, आणि प्रयोगशाळेची पहिली चाळणी याच खुणेवर चालते. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएने अशा हिऱ्यांना डी ते झेड ही अक्षरे देणे थांबवले. माणसाने बनवलेल्या खड्यांची प्रत एका अरुंद पट्ट्यातच येते, तिथे नैसर्गिक दुर्मीळतेसाठी रचलेली मोजपट्टी लावण्यात अर्थ नाही, असा तो विचार आहे. ज्या ग्राहकाला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक आहे, त्याने असा हिरा आनंदाने घ्यावा. अडचण होते ती सांगितले न गेल्यामुळे.

या पुस्तकाचा आवाका या सगळ्यावरून ध्यानात येईल. हे लिहिताना तीन वाचक समोर होते : पहिल्यांदा हिरा घेणारे कुटुंब, सराफाच्या पेढीवर काउंटरमागे उभा राहणारा तरुण विक्रेता, आणि रत्नशास्त्राचा अभ्यास करू पाहणारा मराठी विद्यार्थी. म्हणून इतिहास, पदार्थविज्ञान, प्रतवारी आणि व्यवहार यांना इथे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले नाही. प्रत्येक रंगाशी हे चारही धागे एकत्र गुंफले आहेत. बाजारात जे शब्द बोलले जातात तेच घेतले आहेत, कारण वाचकाला ते कागदावर आणि दुकानात ओळखता आले पाहिजेत. हिऱ्याच्या रंगाला ग्रहांशी किंवा नशिबाशी जोडणारी चर्चा इथे नाही. भावांचे तक्तेही नाहीत. ते छापून होईपर्यंत शिळे होतात.

हे पुस्तक वाचल्यावर कोणी तज्ज्ञ होणार नाही. मास्टर स्टोनसमोर वर्षानुवर्षे बसल्याशिवाय तो डोळा तयार होत नाही. परंतु प्रत्येक वाचकाला योग्य प्रश्न विचारता यावेत, ही अपेक्षा मात्र आहे. कागद कोणत्या प्रयोगशाळेचा? हिरा खाणीतला की वाढवलेला? रंग मूळचा की आणलेला? फ्लोरोसन्स किती? आणि हाच खडा दाराबाहेर, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून दाखवाल का? हे प्रश्न मराठीत, संकोच न करता विचारले जाऊ लागले, तर चांगल्या सराफांना ते आवडतील. त्यांच्या प्रामाणिकपणाला त्यामुळे किंमत येईल. दख्खनच्या व्यापाऱ्यांनी कधीकाळी जगाला हिरा पाहायला शिकवले. त्यांच्या मुलखातल्या माणसाने आपल्या पैशाने घेतलेला हिरा समजून घ्यावा, ही अपेक्षा मुळीच मोठी नाही, आणि ती पुरी करण्यासाठी लागणारी माहिती पुढील पानांत आहे.

सोलापूर